पाणपोई खाटेपर्यंत नेऊ या

एप्रिल लागला की आपल्या बीदर-कलबुर्गी भागातल्या सरकारी कचेऱ्यांची वेळ बदलते. सकाळी आठला उघडायचं, दुपारी दीडला बंद. पारा चाळिशी ओलांडून बेचाळीस-त्रेचाळीसकडे निघाला की भरदुपारी माणसाला बाहेर काढू नये, हे सरकारलाही पटलेलं आहे. शाळांना सुट्टी लागते. शेतातली माणसं पहाटे निघतात आणि अकराच्या आत घर गाठतात. उन्हाळ्यासाठी आपण सगळ्यांचं वेळापत्रक बदलतो. एकट्या खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाचं बदलत नाही. त्याचा सकाळचा चहा, अकराची भाकरी, दुपारचं पडून राहणं आणि संध्याकाळचा चहा जानेवारीत जसा, तसाच मे महिन्यात.

आणि मे महिन्यातच आपल्या गावांतून लागोपाठ म्हातारी माणसं जातात. आपण भेटायला जातो, ‘वय झालं होतं,’ म्हणतो, थोडा वेळ बसून परत येतो. काहींचं खरंच वय झालेलं असतं. पण काहींच्या अंगातलं पाणी आठ-दहा दिवस हळूहळू उतरत गेलेलं असतं. आधी ती सुस्त पडतात, मग असंबद्ध बोलायला लागतात, मग न्हाणीत पाय घसरतो, मग दवाखाना, मग सलाईन. तोवर फार उशीर झालेला असतो. घरातला माठ मात्र काठोकाठ भरलेला असतो.

ही माणसं कोण आहेत, ते जरा आठवून बघू या. यांच्यातल्या सर्वांत थोरल्यांनी हैदराबाद संस्थानावरची १९४८ची पोलीस अॅक्शन लहानपणी पाहिली. १९५६ साली जुना बीदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला, उदगीर-निलंगा-अहमदपूर तिकडे, आताच्या महाराष्ट्रात, गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे, आताच्या कर्नाटकात, राहिले, तेव्हा सोयरीक कुठे आणि कचेरी कुठे हा गोंधळ यांनी निस्तरला. ७२च्या दुष्काळात घागरभर पाण्यासाठी मैल-मैल चालले तेही हेच. घरात मराठी, बाजारात कन्नड, शेजाऱ्याशी दखनी आणि तेलंगणातल्या पाहुण्यांशी तेलुगू, असं चार भाषांत सहज वावरणारी ही शेवटची मोठी पिढी आहे. यांच्यासोबत काय जातंय हे आपल्याला कळतं. म्हणूनच नुसत्या पाण्यावाचून यांच्यातलं एकही माणूस जाता कामा नये.

आता शरीराचं गणित. तरुण माणसाच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हातारपणी ते पन्नास टक्क्यांवर येतं. म्हणजे साठाच मुळात कमी. मूत्रपिंडांची पाणी धरून ठेवण्याची ताकदही वयानुसार घटते. आणि सगळ्यात घातक म्हणजे तहान मंदावते. अंगातलं पाणी कमी झालं तरी मेंदू ‘पाणी पी’ म्हणून पूर्वीसारखा तगादा लावत नाही. आजोबा ‘मला तहान नाही’ म्हणतात ते खरंच बोलत असतात. म्हाताऱ्या माणसाच्या तहानेवर विसंबून राहायचं नसतं, हे आपण घरोघरी पोहोचवायला हवं.

पण तहान हे अर्धंच कारण झालं. उरलेलं अर्धं कुणी मोठ्यानं बोलत नाही. आपली म्हातारी माणसं पाणी पीत नाहीत, कारण पाणी प्यायलं की लघवीला उठावं लागतं. गुडघे धरलेले असतात. संडास परसात, मधे दोन पायऱ्या, रात्री तिथे दिवा नसतो. सुनेला किती वेळा हाक मारायची? वृद्धाश्रमात तर रात्री एकच बाई आणि खाटा वीस-पंचवीस. अंथरूण ओलं झालं तर चादर बदलणारीचा चेहरा कसा होईल, याचा धसका त्यांनी घेतलेला असतो. मग पाणी कमी करायचं हा उपाय ती स्वतःच्या मनानं शोधून काढतात आणि कुणाला सांगतही नाहीत. हा भित्रेपणा समजू नका. आयुष्यभर दुसऱ्याला त्रास होऊ न देण्याची जी सवय लावून घेतली, तीच आता त्यांच्या जिवावर उठली आहे.

त्यात दुष्काळानं लावलेलं वळण आहे. उन्हाळ्यात नळ रोज येत नाही. पाण्याची काटकसर यांच्या रक्तात आहे, घरात पाणी बेतानं असेल तर आपला पेला हीच माणसं आधी सोडतात. शिवाय एकादशी, सोमवार, रोजे. आजारी आणि थकलेल्या माणसाला उपासातून सूट आहे, हे दोन्हीकडचे जाणते सांगतात. ते घरातल्यांनीच प्रेमानं पटवून द्यायला हवं.

भालकीकडच्या एका घरातली ही दुपार. माळवद पाडून तिथे पत्रे आलेले, खोली तापलेली. आजी खाटेवर. चार हात लांब खिडकीत स्टीलचा मोठा पेला, वर ताटली झाकलेली, आत सकाळी भरलेलं स्वच्छ पाणी. सुनेनं काळजीनं ठेवलेलं, त्यात कसूर नाही. ‘पाणी प्यालात का आजी?’ विचारलं तर आजी म्हणाल्या, ‘प्याले की गं मघाशी.’ ताटली उचलून पाहिली तर पेला काठापर्यंत भरलेला. संधिवातानं वाकडी झालेली ती बोटं एवढा जड पेला उचलणार कशी? सुनेच्या ते लगेच ध्यानात आलं. तिनं कान असलेला हलका कप आणला, अर्धाच भरला, शेजारी बसून आजींच्या हातात दिला आणि बोलत बसली. आजींनी तो संपवला. मग आपणहून म्हणाल्या, ‘अजून उलिसं दे.’

पाणी ठेवणं आणि पाणी पाजणं यांत एवढं अंतर आहे. आपण ठेवतो. आपल्याला पाजायला शिकायचं आहे.

किती पाजायचं? युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेनं वृद्धांसाठी दिलेला आकडा असा: बायकांना दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर पेय पोटात जायला हवं. हा थंड देशातला किमान हिशेब आहे, आपल्या उन्हाळ्यात थोडं जास्तच लागेल. यात चहा, दूध, ताक, पातळ आमटी सगळं धरायचं. चहानं पाणी उलट कमी होतं या समजात फारसं तथ्य नाही, नेहमीचा चहाही मोजा. आणि आपल्याकडे तर याची जुनी सोय आहे. ज्वारीची आंबील, ताकातल्या कण्या, पन्हं, कैरी उकडून केलेलं सार. दात नसलेल्या माणसाला हे सहज जातं, पोटालाही बरं. कलिंगड, खरबूज, काकडीची कोशिंबीर यांतूनही पाणीच मिळतं. मात्र हृदय दुबळं असलेल्या किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल, तर त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उन्हाळा लागताच डॉक्टरांना भेटून ‘हीच मात्रा चालू ठेवायची का?’ एवढं विचारायचं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही.

ओळखायचं कसं? इथे आपण जरा थांबू या, कारण आपल्या ओळखीच्या खुणा म्हाताऱ्या अंगावर फसवतात. लहान बाळाच्या कातडीची चिमूट घेऊन बघतात, ती खूण इथे चालत नाही, कारण म्हातारी कातडी एरवीही सैलच असते. लघवीचा रंगही औषधांनी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी पिवळा होतो. लघवी गडद आणि कमी झाली तर सावध जरूर व्हा, पण रंग फिका दिसला म्हणून निर्धास्त राहू नका.

खरी मोठी खूण म्हणजे बदल. काल नीट बोलणारी आजी आज नातवाला भलत्याच नावानं हाक मारते. रोज पेपर मागणारे आजोबा आज दुपारभर डोळे मिटून आहेत. उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो. जीभ कोरडी, लाळ चिकट, भाकरीचा घास तोंडात फिरत राहतो. सकाळपासून लघवीला गेलेलेच नाहीत. ‘म्हातारपणी असंच होतं’ म्हणून हे सोडून देऊ नका. एकाएकी सुरू झालेला भ्रम हा म्हातारचळ नसतो. त्यामागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं: पाणी कमी पडलेलं, लघवीत जंतू झालेले, नाहीतर साखर किंवा सोडियम खाली-वर झालेलं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रक्ताच्या साध्या तपासणीत सोडियम आणि क्रिएटिनिन कळतं, आणि वेळेत कळलं तर माणूस बहुतेकदा पुन्हा ओळखू लागतो.

वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना आणखी एक सोपी गोष्ट करता येईल. दर आठवड्याला प्रत्येकाचं वजन करा. आठवड्याभरात वजन किलो-दीड किलोनं उतरलं तर ते बहुधा चरबीचं नव्हे, पाण्याचं उतरलेलं असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.

एक गोष्ट अजिबात करू नका. माणूस ग्लानीत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर चमच्यानं तोंडात पाणी घालू नका. मायेपोटीच आपण ते करतो, पण ते पाणी श्वासनळीत उतरतं. कुशीवर वळवा, ओल्या पंच्यानं मान, काखा, अंग पुसा, वारा घाला आणि १०८ला फोन करा. अंग चटका बसेल इतकं तापलं असेल तर पुसत राहणं गाडी येईपर्यंत थांबवू नका.

जुलाब-उलट्या होत असतील आणि माणूस गिळू शकत असेल, तर ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे हात घरच्यांचे होते, हे विसरायला नको. सरकारी दवाखान्यातली पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची, अर्धी-पाव करायची नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. दुकानातल्या गोड खोक्यांना भुलू नका. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा गोड पेयांवर ‘ओआरएस’ छापायला देशात मनाई झाली. आणि ओआरएस हे औषध आहे, रोजच्या पाण्याऐवजी ते द्यायचं नसतं.

हे संकट एकट्या आपल्याच भागावर आलेलं नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्ससारख्या श्रीमंत देशात उष्णतेच्या लाटेनं सुमारे पंधरा हजार माणसं गेली, बहुतेक सगळी म्हातारी. कितीतरी एकटी राहणारी, कितीतरी वृद्धाश्रमांतली. मुलंबाळं सुट्टीवर होती. त्या देशानं ते मनाला लावून घेतलं. प्रत्येक वृद्धाश्रमात एक तरी खोली थंड हवी असा नियम आला, एकट्या वृद्धांची नोंदवही नगरपालिकांत ठेवली जाऊ लागली, आणि २००४च्या कायद्यानं लोक वर्षातला एक दिवस जादा काम करून त्याचा पैसा वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी देऊ लागले. आपल्याकडे अहमदाबादनं मे २०१० मध्ये तेराशेहून अधिक जादा मृत्यू सोसले आणि २०१३ मध्ये उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. इंग्लंडमधल्या चार वृद्धाश्रमांत तर फारच साधा प्रयोग झाला. दिवसातून सात वेळा, ठरलेल्या वेळी, पेयांची फेरी. लघवीच्या संसर्गामुळे इस्पितळात न्यावं लागणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घटलं. कुठलंही महाग यंत्र नाही. ट्रॉली, पेले आणि घड्याळ.

हे आपल्याला का जमू नये? पाण्याच्या बाबतीत आपला मुलूख काही नवखा नाही. बहामनी काळात बीदरकरांनी नौबादजवळ जांभ्या दगडाच्या पोटातून करेज खोदली आणि भुयारातून पाणी गावाकडे आणलं. नानक झिऱ्याच्या गुरुद्वारात आजही झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन माणसं पुढे सरकतात. बसवकल्याण ही तर दासोहाची, म्हणजे अन्नदानाची भूमी. आणि दर पाडव्याला आपल्या बसस्टँडवर, चौकात, पेठेत पाणपोया उभ्या राहतात. ओल्या गोणपाटात गुंडाळलेले रांजण, वर झावळ्यांचा मांडव. ही आपली रीत फार मोलाची आहे. पण पाणपोईचं पाणी चालत्या माणसाला मिळतं. जो चालू शकत नाही, त्याच्यापर्यंत पाणपोईलाच जावं लागेल.

म्हणून हे मागणं. गल्लीतलं तरुण मंडळ, भजनी मंडळ, स्त्रीशक्ती संघ, मशिदीची कमिटी, कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं, जे कुणी यंदा पाणपोई घालतील, त्यांनी तिच्यासोबत एक यादी करावी. आपल्या वॉर्डात सत्तरीपुढची एकटी राहणारी किंवा दिवसभर एकटी पडणारी माणसं कोण कोण? आशाताईंना ती बहुतेक तोंडपाठ असतात. दुपारी बारा ते चार या वेळात दोघांनी ताकाची किटली आणि हलके कप घेऊन त्या घरांत जायचं, शेजारी बसायचं, पेला संपेपर्यंत बोलायचं. बोलणं महत्त्वाचं. गप्पांत पेला कधी रिकामा होतो ते त्यांनाही कळत नाही. ग्रामपंचायतीनं हीच यादी आपल्या वहीत उतरवून घेतली तर पुढच्या वर्षी शून्यातून सुरुवात करावी लागणार नाही.

वृद्धाश्रमांना विनंती: सात फेऱ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावा. उठल्याबरोबर एक, न्याहारीला, अकराला, जेवताना, तीनला, संध्याकाळच्या चहाला आणि रात्रीच्या जेवणाला. बहुतेक पाणी सात-साडेसातच्या आत पोटात जाऊ द्या, म्हणजे रात्री उठायची धास्ती कमी होते. खाटेशेजारी लघवीचं भांडं, वाटेवर मिणमिणता दिवा, भिंतीला धरायला दांडी. पाणी पाजायचं असेल तर आधी ही सोय करायला हवी, नाहीतर पेले तसेच परत येतील. आणि सीमाभागातली एक गोष्ट: विस्मरण झालेलं माणूस बरेचदा पहिल्या भाषेकडे परत जातं. चार भाषा बोलणारी आजी शेवटी फक्त मराठीत पाणी मागेल, आणि तिची काळजी घेणारी ताई कन्नड असेल. कुणाला कुठल्या भाषेत हाक मारायची ते खाटेवर लिहून ठेवा. या ताया थोड्या पगारात फार मोठं काम करतात. नातेवाईक म्हणून भेटायला गेलो की त्यांच्या हातून एक फेरी आपण घेऊ या.

पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत असलेल्या आपल्या मुलामुलींनाही सांगणं आहे. फोनवर ‘जेवलीस का?’ विचारतोच. आता ‘किती कप झाले?’ हेही विचारा. व्हिडिओ कॉल लावा, तुमचा पेला तुम्ही हातात घ्या, आईला तिचा घ्यायला सांगा आणि दोघं मिळून संपवा. गावी पैसे पाठवताना पत्र्यावर चुना मारायला, खाटेजवळच्या दिव्याला, कमोडच्या खुर्चीला म्हणून थोडे वेगळे काढा. हवा चाळिशीपार गेली की पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो, पांढरा केलेला पत्रा आणि खिडकीतलं ओलं गोणपाट त्याहून जास्त उपयोगी पडतं.

कुठे एखादं म्हातारं माणूस बेवारस, हाल सोसत असलेलं दिसलं तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. तो आणि १०८ आजच खाटेशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. आणि हे वाचून झालं की उठा, घरातल्या किंवा शेजारच्या थोरल्या माणसाजवळ जाऊन बसा, आणि एक कप पाणी त्यांच्या हातात द्या.